इंग्रजीतला ‘कुड’: गावाकडच्या नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने

‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या बहुतेकांच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलेलं असतं. मग ताडोबाच्या गेटवर एखादी पाहुणी म्हणते, “कुड यू होल्ड माय बॅग?” आणि नवीन गाइड गडबडतो. ही कालचं विचारते की आजचं? बॅग तर आत्ता तिच्या हातात आहे.

मी मोहर्लीजवळच्या एका गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले आणि आता गाइड म्हणून जंगलात जाते. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद असतो, तेव्हा गावातल्या पोरापोरींना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. कोणाला गाइड व्हायचं असतं, कोणी जिप्सी चालवतो, कोणाच्या घरी होमस्टे आहे, कोणी बारावीला आहे, कोणाला नागपुरात नोकरीच्या मुलाखतीला जायचं असतं. या सगळ्यांना हाच शब्द अडवतो, आणि अडवायचं खरं तर काही कारण नाही.

पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधीच सांगते. ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’पासून एक पाऊल मागे सरणं. कधी हे पाऊल काळात मागे असतं: तेव्हा जमायचं, आता नाही. कधी खात्रीत मागे असतं: होईलच असं नाही, होऊ शकतं. आणि कधी हक्कात मागे असतं: हुकूम सोडत नाही, विचारतो आहे. शाळेत बहुतेक भर पहिल्या पावलावरच असतो. रोजच्या बोलण्यात मात्र दुसरं आणि तिसरं सारखं कानावर पडतं.

१. सुरुवातीला काय जवळ ठेवाल

- एक जाड वही. प्रत्येक पान मधोमध दुमडा. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी.
- आवाज रेकॉर्ड होणारा मोबाइल. साधा असला तरी चालतो.
- उच्चार ऐकवणारा आणि नेटशिवाय चालणारा एखादा शब्दकोश. जंगलाकाठच्या गावांत रेंजचा भरवसा नसतो, म्हणून तालुक्याच्या गावी गेलात की डाउनलोड करून घ्या.
- क्रियापदांच्या तीन रूपांची यादी: गो, वेंट, गॉन अशी. व्याकरणाच्या पुस्तकात ती बहुतेक मागच्या पानांवर असते. आठव्या टप्प्याला ती लागेलच.
- बोलायला एक जोडीदार. भाऊ, बहीण, मैत्रीण, कोणीही. चुकलं तर हसणारा नको.

या लेखात इंग्रजी वाक्यं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. वहीत उतरवताना ती इंग्रजी लिपीत लिहा, म्हणजे स्पेलिंगही हाताखालून जातं.

२. कान आणि जीभ तयार करा

स्पेलिंगमध्ये ‘एल’ दिसतो, पण तो बोलत नाहीत. ‘कुल्ड’ नाही, ‘कुड’. ‘गुड’शी यमक जुळतं. हा ‘एल’ मुळात या शब्दात नव्हताच. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या स्पेलिंगमध्ये तो होता, त्यांच्या देखादेखी तो पुढे इथेही आला.

लिहिलेला ‘कुड’ ओळखणं सोपं आहे, पळत्या बोलण्यातला ओळखणं अवघड. घाईत तो नुसता ‘कड’सारखा ऐकू येतो. ‘कुड यू’ एकत्र आले की त्यांचं ‘कुज्यू’ होतं. “कुज्यू वेट अ मिनिट?” असं ऐकलं की नवीन माणूस ‘कुज्यू’ हा शब्द शोधत बसतो आणि पुढचं सगळं निसटतं. म्हणून मी पहिल्या दिवशी वही उघडू देत नाही. ‘कुज्यू वेट’, ‘कुज्यू कम’, ‘कुज्यू से दॅट अगेन’ एवढंच मोठ्यानं म्हणायला लावते. आपल्या तोंडून एकदा निघालं की दुसऱ्याच्या तोंडचं कान पकडतो.

‘कुडन्ट’मधला शेवटचा ‘ट’ही बरेचदा गिळला जातो. अशा वेळी जोर कुठे आहे ते ऐका. ‘कुड’ वाक्यात हळूच सरकून जातो, ‘कुडन्ट’वर मात्र जोर पडतो.

३. बांधणी: थोडक्यात आटोपण्यासारखी

‘कुड’नंतर क्रियापदाचं पहिलं, उघडं रूप. बस. ‘ही कुड गो’. ‘कुड वेंट’ नाही, ‘कुड टु गो’ नाही, ‘ही कुड्स’ नाही. प्रश्न करताना ‘डिड’ बोलवायची गरज नाही, ‘कुड’च पुढे येतो: ‘कुड ही गो?’ ‘विल कुड’, ‘कॅन कुड’ अशी जोडीही लावायची नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातले आणि स्कॉटलंडचे काही लोक ‘माइट कुड’ म्हणतात. ती त्यांची बोली आहे. समजून घ्या, पण परीक्षेत किंवा मुलाखतीत वापरू नका.

४. विनंती: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याकडे मान क्रियापदातच असतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’. त्यावर आपल्या भागातला ‘जी’ आहेच: ‘बसा जी’, ‘पाणी द्या जी’. इंग्रजीत शेंबड्या पोरालाही ‘यू’ आणि कलेक्टरसाहेबांनाही ‘यू’. मग आदर दाखवायचा कशानं? आपल्या ‘जी’चं बरंचसं काम तिकडे ‘कुड’ करतो.

म्हणूनच मराठी वाक्य मनात ठेवून सरळ इंग्रजी केलं की घोटाळा होतो. ‘तुमचा पासपोर्ट दाखवा’ यात ‘तुमचा’ आणि ‘दाखवा’ यांनी मान आधीच दिलेला असतो. ‘शो मी युवर पासपोर्ट’ म्हटलं की तो मान वाटेतच गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला पोलिसी थाट वाटतो. बोलणाऱ्याच्या मनात तसं काहीच नसतं. म्हणायचं असं: “कुड आय सी युवर पासपोर्ट, प्लीज?”

रोज लागणारी काही वाक्यं:

- जरा थांबता का? “कुड यू वेट अ मिनिट, प्लीज?”
- पुन्हा सांगाल का? “कुड यू से दॅट अगेन?”
- थोडं हळू बोलाल का? “कुड यू स्पीक अ लिटल मोर स्लोली?”
- इथे सही करता का? “कुड यू साइन हिअर, प्लीज?”
- तुमचा नंबर मिळेल का? “कुड आय हॅव युवर नंबर?”

दुसरं आणि तिसरं वाक्य तर छातीवर लिहून ठेवावं इतकं कामाचं आहे. समजलं नसताना ‘येस, येस’ करत मान हलवण्यापेक्षा हे विचारलेलं पाहुण्यालाही बरं वाटतं.

आता उत्तर कसं द्यायचं, कारण खरा खड्डा तिथे आहे. पाहुणी विचारते, “कुड आय टेक अ फोटो ऑफ युवर हाउस?” आपली पोरं तिचाच शब्द उचलून म्हणतात, “येस, यू कुड.” हे चालत नाही. विचारणाऱ्यानं एक पाऊल मागे घेतलं, पण परवानगी देणाऱ्यानं मागे सरायचं नसतं. ‘येस, यू कुड’ ऐकलं की ‘काढता येईल, पण...’ असं काहीतरी पुढे येणार असं वाटतं. म्हणा, “येस, ऑफ कोर्स,” किंवा “शुअर, यू कॅन.” त्याचप्रमाणे “कुड यू होल्ड माय बॅग?” याचं उत्तर ‘येस, आय कुड’ नाही. “शुअर” म्हणायचं आणि हात पुढे करायचा.

नकार द्यायचा असेल तेव्हाही ‘कुडन्ट’ नको. जंगलात गाडीतून उतरायला मनाई आहे आणि पाहुणे हमखास विचारतात, “कुड वी गेट आउट हिअर?” उत्तर: “आय ॲम सॉरी, यू कान्ट. इट इजन्ट अलाउड.” नियम सांगताना शब्द मऊ असावा, नियम नाही.

यावरूनच आणखी एक. धोक्याच्या वेळी ‘कुड’ अजिबात वापरू नका. वाघीण गाडीजवळून जाते आहे आणि कोणी सीटवर उभा राहिला, तर ‘कुड यू प्लीज सिट डाउन’ म्हणत बसायचं नाही. “सिट डाउन, प्लीज.” तेवढंच, ठाम आणि हळू आवाजात. ‘कुड’ समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक देतो, आणि अशा वेळी ती द्यायची नसते.

‘कॅन यू’ वाईट आहे असं समजू नका. ओळखीच्यांत, बरोबरीच्यांत तेच बोलतात. अनोळखी माणूस असेल, काम थोडं त्रासाचं असेल, तर ‘कुड यू’. काम त्याहूनही मोठं असेल तर पाहुणे लांबून वळसा घेतात: “आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पिक अस अप अर्लिअर.” शब्द भूतकाळाचे दिसले तरी ते उद्या सकाळचं बोलत आहेत. गाडी लवकर आणा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

५. भूतकाळ: शाळेत अर्धाच शिकवला जातो

शाळेतला अर्धा भाग बरोबर आहे. पूर्वी एखादी गोष्ट यायची, जमायची, तिथे ‘कुड’ वापरायचा. मराठीत जिथे ‘-ता यायचं’ असतं तिथे तो नेमका बसतो.

- लहानपणी मला कोणत्याही झाडावर चढता यायचं. “आय कुड क्लाइम्ब एनी ट्री व्हेन आय वॉज अ चाइल्ड.”
- आजीला आवाजावरून पक्षी ओळखता यायचे. “माय ग्रँडमदर कुड आयडेंटिफाय बर्ड्स बाय देअर कॉल्स.”
- आजोबांना कापसाची प्रत नुसत्या हातानं कळायची. “माय ग्रँडफादर कुड जज कॉटन बाय टच.”

उरलेला अर्धा भाग असा. एकदाच घडलेली, त्या वेळी साधलेली गोष्ट सांगायला होकारात ‘कुड’ वापरत नाहीत. समजा पुलावरून पाणी होतं, एसटी बंद होती, तरी तुम्ही चंद्रपूरला पोहोचू शकलात. मराठीत ‘पोहोचू शकलो’ अगदी बरोबर आहे. इंग्रजीत ‘वी कुड रीच चंद्रपूर’ म्हटलं तर इंग्रज माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहतो, कारण ‘कुड’नं रस्ता मोकळा होता एवढंच सांगितलं. तुम्ही गेलात की नाही, ते सांगितलंच नाही. इथे तीन वाटा आहेत:

- “वी मॅनेज्ड टु रीच चंद्रपूर.” खटपट करून पोहोचलो.
- “वी वेअर एबल टु रीच चंद्रपूर.” पोहोचता आलं.
- “वी रीच्ड चंद्रपूर.” पोहोचलो. खटपट सांगायची गरज नसेल तर हेच सगळ्यात चांगलं.

ओळखायचं कसं? मराठी वाक्यापुढे ‘आणि ते झालंच’ हे शब्द जोडून बघा. बसत असतील तर ‘कुड’ सोडा.

आपल्या देशात अशा जागी ‘कुड’ सर्रास वापरतात आणि आपसात ते समजतंही. पण मुलाखतीत जपा. ‘आय कुड कम्प्लीट माय प्रोजेक्ट’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की पूर्ण करण्याची कुवत होती, केला की नाही कोण जाणे. केलेलं काम आपल्याच वाक्यानं अर्धवट का दाखवायचं? सरळ म्हणा, “आय कम्प्लीटेड माय प्रोजेक्ट.”

नकारात ही अडचण नाही. ‘वी कुडन्ट रीच’, ‘आय कुडन्ट फाइंड द हाउस’, ‘वी कुडन्ट सी द टायगर’ सगळं बरोबर, एकदाचं असो की नेहमीचं. नाही म्हणजे नाही, तिथे शंकेला जागाच नसते. आपल्या ‘बघवलं नाही’, ‘राहवलं नाही’, ‘चालवेना’ यांनाही ‘कुडन्ट’ जवळचा आहे. ‘मला ते बघवलं नाही’ म्हणजे “आय कुडन्ट बेअर टु वॉच इट.” ‘थकल्यामुळे पुढे चालवेना’ म्हणजे “आय वॉज सो टायर्ड आय कुडन्ट वॉक एनी फर्दर.”

एकदाच्या गोष्टीलाही होकारात ‘कुड’ चालतो अशी क्रियापदं आहेत, आणि ती नेमकी जंगलात रोज लागतात: दिसणं, ऐकू येणं, वास येणं, जाणवणं, तसंच समजणं आणि आठवणं. “आय कुड हिअर लंगूर्स कॉलिंग.” म्हणजे वानर ओरडत होते आणि मला ऐकू येत होतं. “वी कुड स्मेल द किल.” मेलेल्या जनावराचा वास येत होता. “वी कुड सी हर स्ट्राइप्स थ्रू द बॅम्बू.” बांबूतून तिचे पट्टे दिसत होते. इथे पाहुण्यांनी खरंच पाहिलेलं असतं. आपल्याकडेही अशा वेळी ‘दिसू शकलं’ म्हणत नाहीत, ‘दिसत होतं’ म्हणतात. तेवढं लक्षात ठेवलं की बास.

६. शक्यता: गाइडची इभ्रत एका शब्दावर

‘वाघ दिसेल का?’ हा प्रश्न गाइडला रोज येतो. उत्तर इंग्रजीत देताना कोणता शब्द निवडता त्यावर पाहुणा संध्याकाळी खूश होऊन जातो की फसवल्यासारखा, ते ठरतं.

“यू विल सी अ टायगर.” हे वचन झालं. जंगलात असं वचन कोणी देऊ नये.

“यू कॅन सी टायगर्स इन ताडोबा.” ही सर्वसाधारण खरी गोष्ट आहे. इथे वाघ आहेत आणि लोकांना दिसतात. आज तुम्हाला दिसेल की नाही, याबद्दल यात काही नाही.

“वी कुड सी अ टायगर धिस ईव्हनिंग.” आज संध्याकाळी दिसू शकतो, नाहीही दिसणार. खरं उत्तर हेच.

आता हे बघा: “वी कुड सी अ टायगर फ्रॉम द रोड यस्टर्डे.” शब्द जवळपास तेच, पण आता अर्थ ‘काल रस्त्यावरून वाघ दिसत होता’. म्हणून ‘कुड’ ऐकला की आधी काळ सांगणारा शब्द पकडा, ‘यस्टर्डे’ की ‘धिस ईव्हनिंग’. तो सापडला की पाऊल काळात मागे आहे की खात्रीत, ते लगेच उलगडतं. माझ्या वर्गात पोरं सगळ्यात जास्त इथे अडतात आणि दोन-चार वाक्यांतच सुटतातही.

‘कॅन’ आणि ‘कुड’मधला हाच फरक उन्हाबद्दल बोलताना येतो. चंद्रपूरला मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे नेहमीचं आहे. म्हणून “इट कॅन गेट व्हेरी हॉट हिअर इन मे.” उद्याच्या एका दिवसाचा अंदाज सांगायचा तर “इट कुड बी व्हेरी हॉट टुमॉरो.” नेहमीच्या गोष्टीला ‘कॅन’, नेमक्या एका वेळेच्या अंदाजाला ‘कुड’. या अंदाजाच्या जागी ‘मे’ किंवा ‘माइट’ टाकलं तरी अर्थात फार फरक पडत नाही.

धुळीतला पंजा दाखवतानाही हीच चढण आहे. “दॅट कुड बी अ लेपर्ड.” बिबट असू शकतो. “दॅट मस्ट बी अ लेपर्ड.” बिबटच असणार. “दॅट कान्ट बी अ लेपर्ड.” बिबट असूच शकत नाही, पंजा फार मोठा आहे.

आता शेतकऱ्याच्या घरातल्यांनी हे नीट वाचावं. ‘इट कुड रेन टुमॉरो’ म्हणजे उद्या पाऊस येऊ शकतो. मग ‘उद्या कदाचित पाऊस येणार नाही’ हे सांगायला नुसता ‘नॉट’ जोडून ‘इट कुड नॉट रेन टुमॉरो’ म्हणावं असं वाटतं. तसं करू नका. ‘कुडन्ट’ म्हणजे ‘कदाचित नाही’ नव्हे, ‘शक्यच नाही’. ‘दॅट कुडन्ट बी ट्रू’ म्हणजे ते खरं असणं शक्य नाही. ‘कदाचित नाही’साठी ‘माइट नॉट’ आहे: “इट माइट नॉट रेन टुमॉरो.” पेरणी करायची की थांबायचं, या बोलण्यात या दोन अर्थांत केवढं अंतर आहे ते तुम्हाला सांगायला नको.

७. सुचवणं

होमस्टे चालवणाऱ्या माय-बहिणींसाठी हा टप्पा फार उपयोगाचा आहे. पाहुण्याला काही सुचवायचं, पण गळ्यात मारायचं नाही, अशा वेळी ‘यू कुड’.

“यू कुड ट्राय द झुणका.” झुणका खाऊन बघा, आवडेल तर. “वी कुड लीव्ह अ बिट अर्लिअर.” थोडं लवकर निघता येईल. “यू कुड लीव्ह युवर बॅग्ज हिअर.” बॅगा इथे ठेवल्या तरी चालेल.

याच जागी ‘यू शुड’ म्हटलं तर सल्ला होतो, थोडा वडीलधारा. औषधाबद्दल, पाणी पिण्याबद्दल तो योग्यच आहे. पण झुणक्यासाठी ‘यू शुड’पेक्षा ‘यू कुड’ हलका पडतो.

‘यू कुड ऑल्वेज’ ऐकलंत तर ‘नेहमी’ असा अर्थ लावू नका. “यू कुड ऑल्वेज कम बॅक इन मे” म्हणजे ‘काही नाही तर मे महिन्यात परत यायचा मार्ग आहेच’.

८. ‘कुड हॅव’: जे झालं नाही त्याचं बोलणं

बांधणी अशी: कुड, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ती यादी आता काढा. बोलताना याचं ‘कुडव्ह’ होतं, घाईत ‘कुडा’. ‘कुडव्ह’ हा ‘कुड ऑफ’सारखा ऐकू येतो, म्हणून इंग्रजी ज्यांची मायबोली आहे असे लोकही तसं लिहून बसतात. ते चूकच आहे. तुम्ही ‘हॅव’च लिहा.

हे रूप तीन तऱ्हेनं येतं.

पहिली तऱ्हा, टळलेलं संकट किंवा हुकलेली संधी. “वी कुड हॅव गॉट स्टक इन द मड.” चिखलात अडकलो असतो. अडकलो नाही. “शी कुड हॅव बिकम अ डॉक्टर.” ती डॉक्टर होऊ शकली असती. झाली नाही.

दुसरी, मागच्या गोष्टीचा अंदाज. “शी कुड हॅव गॉन टु तेलिया.” वाघीण तेलिया तलावाकडे गेली असेल. गेली की नाही, बोलणाऱ्याला माहीत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे तक्रार, आणि हिच्याकडे बारीक लक्ष द्या. “यू कुड हॅव टोल्ड मी.” वरवर बघता ‘तुम्ही मला सांगू शकला असता’. पण बोलणाऱ्याच्या मनात असतं, ‘अहो, सांगायचं तरी!’ पाहुणा रागावलेला असतो आणि आपला पोरगा ‘येस, येस’ म्हणून हसतो, मग राग आणखी चढतो. हे वाक्य ऐकलं की आधी “आय ॲम सॉरी, आय शुड हॅव टोल्ड यू” म्हणा, कारण नंतर सांगा.

याच्याच नकारातलं एक गोड वाक्यही आहे: “आय कुडन्ट हॅव डन इट विदाउट यू.” तुमच्याशिवाय हे जमलंच नसतं. हे आभार आहेत. कोणी असं म्हटलं तर आपल्याकडून काही राहून गेलं की काय, असं वाटून घ्यायचं नाही.

९. जर-तर आणि दुसऱ्याचं बोलणं

दोन्ही परीक्षेत येतात आणि दोन्ही सोपे आहेत. “इफ आय हॅड अ सायकल, आय कुड कम एव्हरी डे.” सायकल असती तर रोज येता आलं असतं, ती नाही, म्हणून येता येत नाही. दुसरं: तो म्हणाला, ‘आय कॅन कम’. आपण ते सांगताना, “ही सेड ही कुड कम.” सांगणं भूतकाळात गेलं, म्हणून ‘कॅन’ही त्याच्यामागे गेला.

‘आय विश आय कुड’ हे मात्र पाठच करा. कोणी जेवायला बोलावलं आणि जाता येत नसेल, तर नुसतं ‘नो’ कोरडं लागतं. “आय विश आय कुड” म्हणजे ‘यायला आवडलं असतं हो, पण जमत नाही’.

१०. शब्दशः घेतले तर उलटा अर्थ लागेल असे प्रयोग

- “कुडन्ट बी बेटर.” ‘बरं होऊ शकत नाही’ असं ऐकू येतं, पण अर्थ ‘याहून चांगलं असूच शकत नाही’, म्हणजे एकदम झकास.
- “आय कुडन्ट अग्री मोर.” मी पूर्ण सहमत आहे. यातला नकार बघून वाद घालायला जाऊ नका.
- “आय कुड डू विथ अ कप ऑफ टी.” चहा मिळाला तर फार बरं होईल. इंग्लंडचे पाहुणे असं बोलतात. हे ऐकलं की चहा ठेवायचा.
- “आय कुडन्ट केअर लेस.” मला काडीचीही पर्वा नाही. अमेरिकेत काही लोक ‘आय कुड केअर लेस’ म्हणतात, त्याचाही अर्थ तोच.
- “कुड बी.” असेल बुवा. होही नाही आणि नाहीही नाही.
- “हाउ कुड यू!” हा प्रश्न नाही. ‘असं करवलं तरी कसं तुला!’ हा संताप आहे.

११. सराव कसा करायचा

दिवसाला एकच टप्पा घ्या. त्या टप्प्यातली पाच वाक्यं स्वतःच्या घरातली, वावरातली, कामावरची लिहा. पुस्तकातली ‘राम’ आणि ‘सीता’ यांची वाक्यं नकोत, कारण ती वेळेवर तोंडात येत नाहीत. स्वतःच्या मायला, भावाला, मालकाला जे बोलता तेच इंग्रजीत बसवा. मग मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर चूक कानाला लागत नाही.

जोडीदाराबरोबर चौथा टप्पा रोज करा. एकानं ‘कुड यू’, ‘कुड आय’नं विचारायचं, दुसऱ्यानं ‘कुड’ न वापरता उत्तर द्यायचं. ही सवय लागली की गेटवर गडबड होत नाही.

बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी वहीत प्रत्येक वाक्यासमोर त्याचं काम एका शब्दात लिहावं: क्षमता, शक्यता, विनंती, परवानगी, सूचना. पेपरात हेच इंग्रजी नावानं विचारतात: एबिलिटी, पॉसिबिलिटी, पोलाइट रिक्वेस्ट, पर्मिशन, सजेशन.

खाली सरावाला सहा वाक्यं देते. आधी उत्तरं झाका, वहीत लिहा, मगच ताडून बघा.

अ) जरा खिडकी बंद करता का?
आ) काल पाऊस होता, तरी आम्ही सगळा कापूस घरी आणू शकलो.
इ) रात्री मला कोल्ह्यांची कुई ऐकू येत होती.
ई) उद्या एसटी कदाचित येणार नाही.
उ) अरे, फोन तरी करायचा होतास!
ऊ) बाबांना पूर्वी एका दमात तलाव पोहून जाता यायचा.

उत्तरं:

अ) “कुड यू क्लोज द विंडो, प्लीज?”
आ) “इट वॉज रेनिंग यस्टर्डे, बट वी मॅनेज्ड टु ब्रिंग ऑल द कॉटन होम.” कापूस घरी आलाच, म्हणून इथे ‘कुड’ नाही.
इ) “आय कुड हिअर जॅकल्स हाउलिंग ॲट नाइट.”
ई) “द बस माइट नॉट कम टुमॉरो.” इथे ‘कुडन्ट’ लिहिलं असेल तर सहावा टप्पा परत वाचा.
उ) “यू कुड हॅव कॉल्ड मी!”
ऊ) “माय फादर कुड स्विम अक्रॉस द लेक विदाउट स्टॉपिंग.” एखाद्या दिवशी त्यांनी तसं करून दाखवलं, एवढंच सांगायचं असेल तर “ही स्वॅम अक्रॉस द लेक”.